खोल समुद्रातील तेल आणि उथळ हिशेब

७ जानेवारी २०२४ रोजी बंगालच्या उपसागरात, काकिनाड्याच्या किनाऱ्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर अंतरावर नांगरलेल्या ‘आर्माडा स्टर्लिंग-पाच’ या जहाजावर समुद्रतळाखालून निघालेले अशुद्ध तेल प्रथमच येऊन पोहोचले. ‘केजी-डीडब्ल्यूएन-९८/२’ असे बोजड नाव धारण करणाऱ्या या क्षेत्रातून तेल काढण्याचा तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा दीर्घ प्रयत्न अखेर फळास आला. अभिनंदनाचे संदेश झडले, पेट्रोलियममंत्र्यांनी समाधान व्यक्त केले आणि त्या वर्षीच्या मे-जूनपर्यंत दररोज ४५ हजार पिंपे तेल निघू लागेल, अशी अपेक्षाही सांगितली. मे गेला, जून गेला. ते शिखर काही गाठले गेले नाही. त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

तेलाच्या बाबतीत या देशाची ही जुनीच खोड आहे. शोध लागला की उत्सव होतो, पहिला थेंब आला की दुसरा उत्सव होतो. मधल्या वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही आणि पुढच्या वर्षांचा कोणी ठेवत नाही. वस्तुतः या दोन उत्सवांच्या मध्ये काय घडले, हेच अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असते.

हे क्षेत्र सन २००० मध्ये नव्या परवाना धोरणाच्या पहिल्या फेरीत केर्न या ब्रिटिश कंपनीकडे गेले. २००५ मध्ये महामंडळाने त्यातील ९० टक्के हिस्सा विकत घेतला. पुढे एकामागून एक शोध लागले. त्यांतील काही विहिरी तर अडीच हजार मीटरांहून अधिक खोल पाण्यात होत्या. परंतु ज्या भागातून आज तेल येत आहे, त्याच्या विकासाचा आराखडा संचालक मंडळाने मंजूर केला तो मार्च २०१६ मध्ये. खर्च धरला होता ३४,०१२ कोटी रुपये. वायू जून २०१९ मध्ये आणि तेल मार्च २०२० मध्ये निघेल, असे तेव्हा जाहीर झाले. वायूचा पहिला प्रवाह २०२० मध्ये आला. तेलाची तारीख आधी २०२१ वर गेली, मग २०२२ वर, मग २०२३ च्या एकेका महिन्यावर सरकत राहिली. अखेर नियोजित वेळेनंतर जवळजवळ चार वर्षांनी तेल आले.

मुंबई हायची आठवण येथे अपरिहार्य आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये त्या क्षेत्रातून उत्पादन सुरूही झाले. सव्वादोन वर्षे! ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांना त्या दिवसांतील उत्साह आठवत असेल. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले होते, परकीय चलनाची गंगाजळी आटत होती आणि अशा वेळी दाराशीच तेल सापडले होते. महामंडळ तेव्हा ‘आयोग’ होता, अनुभव तुटपुंजा होता, तरी काम झाले.

अर्थात ही तुलना जशीच्या तशी करणे अन्यायाचे होईल. मुंबई हायवर पाण्याची खोली पाऊणशे मीटरांच्या आसपास आहे. तेथे पोलादी पाय समुद्रतळावर रोवून मंच उभा करता येतो आणि विहिरींची तोंडे पाण्याच्या वर, माणसाच्या हाताशी ठेवता येतात. खोल समुद्रात हे शक्य नाही. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे हजार मीटरवर शंभर वातावरणांचा दाब. तेथे पाणबुड्या उतरू शकत नाही. झडपा, नळ, जोडण्या सर्व काही समुद्रतळावर बसवायचे ते वरून दोरीला बांधलेल्या यंत्रमानवाच्या हातांनी. अंधार संपूर्ण, आणि तपमान चार-पाच अंशांवर आलेले.

या थंडीने काकिनाड्याच्या तेलाला विशेष त्रास दिला. ते मेणयुक्त आहे. हिवाळ्यात न्हाणीघरातील खोबरेल तेलाची बाटली जशी गोठते, तसे हे तेल थंड नळात गोठू पाहते. फरक इतकाच की, येथील बाटली कित्येक किलोमीटर लांबीची असून तिला उन्हात ठेवण्याची सोय नाही. म्हणून नळात नळ घालून मधल्या पोकळीत उष्णतारोधक भरण्याची, म्हणजे थर्मासच्या धर्तीवरची, रचना भारतात प्रथमच येथे वापरावी लागली. वर तरंगते जहाज येणारा माल घेते, त्यातून पाणी व वायू वेगळे करते, तेल साठवते आणि टँकरच्या हवाली करते. हे सारे साधले, ही लहान गोष्ट नव्हे. त्यात मार्च २०२० मध्ये महामारी आली, गोद्या बंद पडल्या, परदेशी तंत्रज्ञ अडकले. बंगालच्या उपसागरात मोसमी पाऊस व त्यानंतरची चक्रीवादळे यांतून कामाला उरतात ते मोजके महिने. एक हंगाम चुकला की सारे वर्ष जाते. विलंबाची ही कारणे खरी आहेत. पण ती संपूर्ण नाहीत. मार्च २०२० मध्ये तेल यायचे होते आणि महामारीही मार्च २०२० मध्येच आली. म्हणजे ज्या दिवशी काम पुरे व्हायचे, त्या दिवशी ते बरेच अपुरे होते, हे उघड आहे. समुद्रतळावरील यंत्रणेचे कंत्राटच मुळी २०१८ मध्ये दिले गेले. दोन वर्षे निविदांच्या कागदांत गेली. त्यासाठी विषाणूला जबाबदार धरता येणार नाही.

विलंबाची किंमत

तेल जमिनीखाली कोठे पळून जात नाही, आज नाही तर उद्या निघेल, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याला उत्तर देऊ शकेल. शंभर रुपये चार वर्षांनी मिळणार असतील, तर दहा टक्के व्याजदराने त्यांचे आजचे मोल अडुसष्ट रुपये होते. खर्च मात्र आधीच झालेला असतो आणि त्यावर व्याजाचा भार चढतच असतो. दररोज ४५ हजार पिंपे म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ६४ लाख पिंपे. पिंपाला ७० डॉलर भाव धरला तरी हे वर्षाला ११५ कोटी डॉलरचे तेल झाले. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे भाव शंभर डॉलरच्या वर गेले, त्या वेळी ही विहीर वाहती असायला हवी होती. ती नव्हती.

आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने पाहू. ४५ हजार पिंपे प्रतिदिनी म्हणजे वर्षाला सुमारे २२ लाख टन. २०२३-२४ मध्ये भारताने आयात केलेले अशुद्ध तेल सुमारे २३ कोटी २५ लाख टन होते. म्हणजे हे क्षेत्र आपल्या पूर्ण शिखरावर पोहोचले, तरी आयातीचा जेमतेम शंभरावा हिस्सा वाचेल. तेव्हा ‘तेल-स्वावलंबनाकडे मोठे पाऊल’ वगैरे भाषा जपून वापरलेली बरी. मार्च २०१५ मध्ये आयातीवरील अवलंबन २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. ते कमी तर झाले नाहीच, उलट ७७ टक्क्यांच्या आसपास होते ते ८७-८८ टक्क्यांवर गेले. मागणी वाढली हे एक कारण. पण देशातील उत्पादन २०११-१२ मधील सुमारे ३ कोटी ८१ लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये २ कोटी ९४ लाख टनांवर उतरले, हे दुसरे. घसरणाऱ्या उत्पादनाच्या मापाने मोजले, तर मात्र हे २२ लाख टन मोलाचे ठरतात. जुन्या क्षेत्रांतून दरवर्षी जे हरपते, त्यातील काही भाग ते भरून काढतील. खोल समुद्रातील या उद्योगाचे प्रामाणिक समर्थन एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

पैसा कोठे गेला?

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग समुद्रात घडलेला नाही. तो दिल्लीत घडला. ज्या काळात या क्षेत्राची कंत्राटे रखडत होती, त्याच काळात, २०१७ मध्ये, महामंडळाला गुजरात सरकारच्या तेल कंपनीचा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ‘दीनदयाळ’ क्षेत्रातील ८० टक्के हिस्सा घ्यावयास लावण्यात आले. किंमत ७,७३८ कोटी रुपये. याच क्षेत्रात वीस लाख कोटी घनफूट वायू असल्याची घोषणा २००५ मध्ये मोठ्या गाजावाजाने झाली होती. पुढे त्यातील अल्पसा भागच उपसण्याजोगा ठरला आणि त्या कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उरला. तो डोंगर हलका करण्याचे काम केंद्राच्या महामंडळाने केले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, केंद्र सरकारने हिंदुस्तान पेट्रोलियममधील आपला ५१.११ टक्के हिस्सा महामंडळाला ३६,९१५ कोटी रुपयांना विकला. सरकारच्या एका खिशातील वस्तू दुसऱ्या खिशात गेली, अर्थसंकल्पीय तुटीचा आकडा नीटनेटका दिसला आणि आजवर जवळजवळ ऋणमुक्त असलेल्या महामंडळाला कर्ज काढावे लागले.

हे दोन आकडे मिळवले की ४४,६५३ कोटी होतात. काकिनाड्यासमोरच्या संपूर्ण आराखड्याचा खर्च ३४,०१२ कोटी होता, हे येथे पुन्हा एकदा नजरेखालून घालावे. या व्यवहारांमुळेच काकिनाड्याचे काम रखडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. या आराखड्याला पैसा कमी पडला असा पुरावा नाही. पण जी संस्था जोखीम पत्करून नवे तेल शोधण्यासाठी निर्माण झाली, तिच्या गाठीचा पैसा एका थेंबाचीही भर न घालणाऱ्या व्यवहारात वळवला गेला, तर तिच्या शोधकार्याची धार बोथट होणारच. ज्याच्या घरी विहीर खणायची आहे, त्याने जमवलेला पैसा थोरल्या भावाची देणी फेडण्यात घालवावा आणि मग पाणी का लागत नाही म्हणून त्यालाच बोल लावावा, यातला हा प्रकार आहे.

सार्वजनिक क्षेत्रावर टीका झाली की खाजगी क्षेत्राचे गुणगान सुरू होते. त्या मोहातही पडण्याचे कारण नाही. याच क्षेत्राला लागून असलेल्या ‘केजी-डी-६’ मध्ये रिलायन्सने २००२ मध्ये वायू शोधला आणि एप्रिल २००९ मध्ये तो बाहेरही काढला. वेगाबद्दल त्या कंपनीचे कौतुक करावे लागेल. पण दररोज आठ कोटी घनमीटरचे जे स्वप्न दाखवले गेले होते, ते कधीच साकार झाले नाही. मार्च २०१० मध्ये उत्पादन सात कोटींच्या आसपास पोहोचले आणि तेथून कोसळले. मुख्य दोन क्षेत्रे तर फेब्रुवारी २०२० मध्ये बंदच झाली. भूगर्भ अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला, असे कंपनीचे म्हणणे. ठरलेल्या संख्येने विहिरीच खोदल्या नाहीत, असे सरकारचे. या वायूच्या भरवशावर आंध्रात उभी राहिलेली वीजकेंद्रे इंधनावाचून पडून राहिली. पुढे कंपनीने २०२० पासून नवी क्षेत्रे सुरू करून बरीच सावरासावर केली, हेही नमूद करायला हवे.

या दोन शेजाऱ्यांतील तंटा तर एखाद्या बांधाच्या भांडणाची आठवण करून देणारा आहे. समुद्रतळाखालचे वायूचे साठे कागदावरच्या सीमारेषा जाणत नाहीत. महामंडळाच्या हद्दीतील वायू शेजारच्या विहिरींतून उपसला गेला, असा आक्षेप निघाला. २०१५ मध्ये परदेशी तज्ज्ञ-संस्थेने ११०० कोटी घनमीटरहून अधिक वायू सरकल्याचे सांगितले; २०१६ मध्ये न्या. अजित शहा समितीने भरपाईचा हक्क महामंडळाचा नसून सरकारचा असल्याचे मत दिले. २०१८ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्दबातल ठरवला. या लढाईचे कायदेशीर पैलू न्यायालय पाहील. सामान्य नागरिकाला त्यातून एक साधी गोष्ट कळते. शेजाऱ्याने २००९ मध्ये उपसा सुरू केला आणि महामंडळाची पहिली विहीर अकरा वर्षांनी वाहू लागली. ज्याने आपल्या शेतात मोट लावली नाही, त्याचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरते, हे समजण्यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही.

परदेशांतील अनुभवही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. दक्षिण अमेरिकेतील गयानामध्ये मे २०१५ मध्ये दीड हजार मीटरांहून अधिक खोल पाण्याखाली तेल लागले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते वाहू लागले. २०२४ मध्ये तो चिमुकला देश दररोज सहा लाख पिंपांहून अधिक तेल काढत होता; म्हणजे संपूर्ण भारताइतके. पण गयानाने हे काम परदेशी कंपन्यांच्या हाती सोपवले. २०१६ च्या करारात स्वामित्वशुल्क अवघे दोन टक्के ठेवले, आणि त्याबद्दल तेथील जनतेत आजही नाराजी आहे. तो मार्ग भारताने अनुकरावा असा नाही.

अधिक बोधप्रद उदाहरण ब्राझिलचे आहे. पेट्रोब्रास ही तेथील सरकारी कंपनी १९५३ मध्ये स्थापन झाली. महामंडळ तिच्याहून केवळ तीन वर्षांनी लहान. ब्राझिलला कँपोस खोऱ्यात समुद्रातील पहिला महत्त्वाचा तेलसाठा सापडला तो १९७४ मध्ये, म्हणजे मुंबई हायच्याच वर्षी. दोघांची सुरुवात एकाच रेषेवरून झाली. पुढे १९८४-८५ मध्ये तेथे खोल पाण्यात मोठे साठे सापडले. ते काढण्याचे तंत्र तेव्हा जगात कोणाहीकडे सिद्ध नव्हते. १९८६ मध्ये पेट्रोब्रासने हजार मीटर खोलीपर्यंतच्या पाण्यातून उत्पादन घेण्याचे तंत्र स्वतः विकसित करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. रिओतील विद्यापीठाच्या परिसरातच तिची संशोधनसंस्था होती. कंपनीचे अभियंते, विद्यापीठातील प्राध्यापक आणि यंत्रे बनवणारे कारखाने यांना एकाच कामाला जुंपण्यात आले. वीस वर्षांनी, २००६ मध्ये, ब्राझिलने तेलाच्या बाबतीत स्वयंपूर्णता जाहीर केली. आज त्याचे उत्पादन भारताच्या पाचपटींहून अधिक आहे. या कंपनीत भ्रष्टाचार नव्हता असे मुळीच नाही. २०१४ पासून उघडकीस आलेल्या प्रकरणांनी त्या देशाचे राजकारण मुळापासून हादरले. तरीही तंत्रज्ञान कंपनीच्या हाती होते आणि ते तिच्यापाशीच राहिले.

ब्राझिलचे भूगर्भ उदार निघाले आणि भारताचे तितके नाही, हे मान्य करावेच लागेल. त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वर येथे उगम पावलेल्या दोन नद्यांनी लक्षावधी वर्षे वाहून नेलेल्या गाळात जे काही दडले आहे, ते विखुरलेले आणि अवघड आहे. तथापि प्रश्न साठ्याच्या आकाराचा नसून शिकण्याचा आहे. ऐंशीच्या दशकात महामंडळानेही पनवेलला सागरी अभियांत्रिकीची आणि उत्पादन-तंत्राची संशोधनकेंद्रे काढली होती. नेमक्या त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबई हायवर पेलवेल त्याहून अधिक उपसा झाल्याची टीका होऊ लागली होती. १९८९ मध्ये तेथील उत्पादन दररोज ४ लाख ७६ हजार पिंपांवर पोहोचले आणि मग ओसरू लागले. २०२४ मध्ये ते १ लाख ३४ हजारांवर होते. जानेवारी २०२५ मध्ये या आपल्या सर्वांत जुन्या, सर्वांत परिचित सागरी क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी महामंडळाने ब्रिटनच्या बीपी कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सल्लागार नेमले. सल्ला घेण्यात कमीपणा नाही. परंतु पन्नास वर्षे ज्या समुद्रात वावरलो, त्याच समुद्राचा नकाशा दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो, यावर पनवेलच्या त्या संस्थांना काय म्हणायचे आहे, हे ऐकायला मिळाले तर बरे होईल.

आणि या साऱ्या हिशेबात जे आकड्यांच्या रकान्यात बसत नाहीत, ते कामगार. जुलै २००५ मध्ये मुंबई हायच्या उत्तर मंचाला आग लागून २२ माणसे गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा आणि त्याबरोबरची एक बोट बुडून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक कंत्राटी होते. बंगालचा उपसागर अरबी समुद्राहून अधिक वादळी आहे, आणि नोव्हेंबर १९९६ चे वादळ काकिनाड्याचे लोक अद्याप विसरलेले नाहीत. मुदती वारंवार चुकल्या की उरलेले काम घाईने उरकण्याचा दबाव वाढतो, आणि तो दबाव शेवटी कोणाच्या अंगावर येतो, हे सांगायला नको.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील तेल-वायूच्या शोधासाठी नव्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणा झाली. तिच्या संदर्भात ‘समुद्रमंथन’ हा शब्द वापरला गेला. पुराणातल्या मंथनातून अमृताच्या आधी हलाहल निघाले होते आणि ते पचवणारा कोणीतरी लागला होता, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. नव्या क्षेत्रांचे लिलाव पुकारण्याआधी पेट्रोलियम मंत्रालयाने ९८/२ क्षेत्राविषयी एक श्वेतपत्रिका संसदेपुढे ठेवावी. मार्च २०१६ मध्ये मंजूर झालेले वेळापत्रक, प्रत्येक कंत्राटाची खरी तारीख, मूळ अंदाज व प्रत्यक्ष खर्च, किती विहिरी खोदायच्या होत्या आणि किती वाहत्या आहेत, वायूचे उत्पादन दररोज एक कोटी घनमीटरच्या उद्दिष्टापर्यंत कधी पोहोचणार, हे सर्व तीत असावे. त्यासाठी समुद्रतळाशी यंत्रमानव पाठवावा लागत नाही. ही सारी कागदपत्रे दिल्लीत, फायलींतच आहेत.